टीडीकेचा माल चांगलाच, पण नंबर बघून घ्या

आधी निकाल सांगून टाकते. टीडीके या इलेक्ट्रॉनिक पार्ट बनवणाऱ्या जपानी कंपनीचे कपॅसिटर, एमओव्ही (लाइनवरचा व्होल्टेजचा झटका झेलणारी चकती) आणि फेराइट कोर (ट्रान्सफॉर्मरच्या आतला चुंबकी गाभा) मी डोळे मिटून वापरते, पण डोळे मिटून विकत घेत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात ते खरेदी करतानाच, म्हणून एवढं लिहायला बसले.

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीत माझा कार्ड, म्हणजे मशिनांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, रिपेअरिंगचा गाळा आहे. टीव्ही-मिक्सर नाही, कंट्रोल कार्ड, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा डबा), एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय) असला माल. कोपरखैरण्याच्या सोसायट्यांमधून लिफ्टची कार्डं येतात, तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमधून कंट्रोलर येतात, शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याचा ओव्हन अधूनमधून रुसतो. सगळ्यांचं वाक्य एकच : "ताई, पार्ट ओरिजिनल टाका हां." ओरिजिनल टाकतेच. पण ओरिजिनलमधला कुठला, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

टीडीके म्हटलं की आमच्या वयाच्या माणसांना कॅसेटच आठवते. डी-साठ, डी-नव्वद, आणि जरा पैसे असतील तर एसए. बाबांनी आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या गाण्यांच्या कॅसेट ऐरोलीच्या घरी अजून आहेत, वाजवायला डेक मात्र नाही. रेकॉर्डिंगचा तो धंदा आणि त्यासाठीचं नाव कंपनीने २००७ मध्येच दुसऱ्याकडे सोपवलं. गाळ्यातल्या पोराला कॅसेट माहीत नाही. त्याने टीडीके पाहिलं ते जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत, धावपटूंच्या छातीवरच्या नंबरावर. १९८३ च्या पहिल्या स्पर्धेपासून ते प्रायोजक आहेत.

मुळात ही कंपनी कॅसेटची नव्हेच. १९३० मध्ये तोक्योच्या तंत्रविद्यापीठात योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई या दोघांनी फेराइट शोधलं. लोखंडाचा ऑक्साइड आणि जस्तासारख्या इतर धातूंचे ऑक्साइड एकत्र दळायचे, दाबून आकार द्यायचा आणि भट्टीत भाजायचे. हाती येतं ते चुंबकाला मानणारं, पण वीज जवळजवळ न वाहू देणारं सिरॅमिक. ते बाजारात आणायला केंझो साइतो यांनी १९३५ मध्ये कंपनी काढली, नाव तोक्यो देन्की कागाकु कोग्यो. त्याचंच पुढे टीडीके झालं. म्हणजे आधी कच्चा माल आणि मग त्याचा पार्ट, अशी या घरची रीत आहे. कॅसेटच्या फितीवरची तपकिरी पूडही लोखंडाचा ऑक्साइडच.

आपल्या टेबलावर जो माल येतो त्यातला बराचसा मात्र दुसऱ्या वंशाचा आहे. सीमेन्स आणि मात्सुशिता यांची कपॅसिटर-फेराइटची एक भागीदारी होती, तिचं १९९९ मध्ये एपकॉस झालं, २००८-०९ च्या सुमारास टीडीकेने ते विकत घेतलं आणि २०१८ मध्ये नाव बदलून टीडीके इलेक्ट्रॉनिक्स केलं. मुख्यालय म्युनिकला. दुकानदार अजून 'एपकॉस'च म्हणतात, आणि जुन्या पार्टवर तसंच छापलेलं असतं. तेव्हा एपकॉस आणि टीडीके यांत खरं कुठलं, असा वाद काउंटरवर घालू नका. नाशिकलाही यांचा कारखाना आहे, त्यामुळे 'जपानी माल' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो कधी कधी कसारा घाट उतरून आलेला असतो.

आता मुद्द्याचं. एक्स-टू कपॅसिटर, म्हणजे थेट मेन्सवर बसवायच्या सुरक्षा दर्जाचा. चौकोनी डबी, दोन पाय, वर ०.४७ मायक्रोफॅरड, एक्स-टू, ३०५ व्होल्ट एसी असं छापलेलं. हा पार्ट दोन अगदी वेगळ्या कामांना लागतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पहिलं काम फिल्टरचं. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवा बसवायचा, म्हणजे एसएमपीएसचा कचरा लाइनवर परत जात नाही. इथे त्याची व्हॅल्यू थोडी उतरली तर कोणाला पत्ताही लागत नाही. फार तर शेजारचा रेडिओ खरखरेल, आणि रेडिओ आता ऐकतो कोण!

दुसरं काम सप्लायचं. स्वस्त कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर टाकत नाहीत; हाच कपॅसिटर मेन्सच्या ओळीत सिरीजमध्ये लावतात आणि तो जेवढा करंट जाऊ देईल तेवढ्यावर सगळं कार्ड चालवतात. ०.४७ मायक्रोफॅरड, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, हिशेब केला तर साधारण ३४ मिलिअँपिअर. त्यात २४ व्होल्टचा रिले (मोठा लोड चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आरामात ओढला जातो, डिस्प्ले पेटतो, सेन्सर चालतो. एनर्जी मीटर, फ्रिजचे थर्मोस्टॅट, पाण्याच्या टाकीचे लेव्हल कंट्रोलर, सगळीकडे हीच युक्ती आहे.

तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजचा असाच एक कंट्रोलर टेबलावर आला. तक्रार अशी की डिस्प्ले दिसतो, पण कॉम्प्रेसर लागत नाही. मधूनच रिले टिकटिकतो आणि डिस्प्ले मंद होतो. गिऱ्हाइकाने आधी कुठेतरी दाखवून रिले बदलून घेतला होता, फरक शून्य. ही टिकटिक ऐकली की मी मायक्रोकंट्रोलरकडे बघतसुद्धा नाही. डबी डिसोल्डर केली, एलसीआर मीटरला, म्हणजे कपॅसिटरची व्हॅल्यू मोजणाऱ्या मीटरला, लावली : ०.२१. छापलेलं ०.४७. म्हणजे ३४ च्या जागी १५ मिलिअँपिअर मिळत होते, आणि रिलेच्या कॉइललाच एकटीला सतरा-अठरा लागतात. रिले ओढायला जातो, सप्लाय बसतो, रिले सुटतो, सप्लाय उठतो. तीच ती टिकटिक. डबी बाहेरून मात्र नवीकोरी. ना फुगलेली, ना काळवंडलेली, ना तडा.

असं का होतं? आत प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर धातूचा थर, तोही नॅनोमीटरमध्ये मोजायचा. फिल्ममध्ये कुठे कच्ची जागा निघाली तर ठिणगी पडते, तिथला धातू उडून जातो आणि कपॅसिटर स्वतःच बरा होतो. हा गुणच आहे, त्यामुळे आग लागत नाही. पण दर वेळी थोडी जागा जाते. दुसरं म्हणजे ओलावा. डबी आणि भरलेलं राळ कितीही चांगलं असलं तरी दमट हवा आत शिरतेच, आणि व्होल्टेज चोवीस तास चढलेलं असलं की तो पातळ धातू हळूहळू गंजून त्याचा ऑक्साइड होतो. धातू गेला की व्हॅल्यू गेली. खाडीकाठचा हा पट्टा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत, पावसाळ्यात कसा असतो ते सांगायला नको. त्यात कोल्ड स्टोरेज म्हणजे दार उघडलं की पॅनेलवर दव. जे कार्ड पुण्याला वर्षानुवर्षं चालतं ते इथे लवकर थकतं, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता टीडीकेच्या बाजूने बोलते. त्यांनी या दोन कामांसाठी दोन वेगळ्या मालिका ठेवल्या आहेत. बी३२९२ ने सुरू होणारी साधी, फिल्टरसाठीची. बी३२९३ ने सुरू होणारी हेवी ड्यूटी, म्हणजे मेन्सच्या सिरीजमध्ये आणि खराब हवामानात चालावी म्हणून बनवलेली. डेटाशीटच्या सुरुवातीलाच उपयोग लिहिलेला असतो, लपवाछपवी काही नाही. पुढचा आकडा पिचचा : २ म्हणजे पाय १५ मिलिमीटर अंतरावर, ३ म्हणजे २२.५, ४ म्हणजे २७.५. एकदा डोक्यात बसलं की नंबर वाचूनच डबी डोळ्यांपुढे उभी राहते. ही शिस्त मला फार आवडते.

दुकानात मात्र ही शिस्त संपते. काउंटरवर "टीडीकेचा पॉइंट फोर सेव्हन एक्स-टू द्या" म्हटलं की समोर येतो तो बी३२९२. खरा असतो, ओरिजिनल असतो, आणि सिरीजच्या कामाला चुकीचा असतो. तो टाकून कार्ड चालू होतं, पैसे मिळतात, आणि गिऱ्हाईक परत येतं तेव्हा म्हणतं, "टीडीकेचा टाकून पण टिकला नाही." इथे कंपनीचा काय दोष? आणि तरीही थोडा दोष आहेच, असं मला वाटतं. दोन्ही डब्यांवर व्हॅल्यू तीच, एक्स-टू तेच, रंगरूप जवळपास तेच. 'हेवी ड्यूटी' असे दोन ठळक शब्द डबीवर मावले असते. ज्याच्याकडे डेटाशीट उघडायला वेळ आहे असा डिझायनर डोळ्यांपुढे ठेवून हा माल बनलाय, काउंटरवर उभा असलेला मेकॅनिक त्यांच्या हिशेबात नाही.

हेवी ड्यूटीवाला आकाराने मोठा असतो आणि जुन्या जागेत सरळ बसत नाही. मी स्लीव्ह घालून पाय वळवते आणि डबी सिलिकॉनने कार्डावर चिकटवते, नाहीतर कंपनाने सोल्डर सुटतं. दिसायला ओबडधोबड, पण चालतं.

एमओव्हीबद्दलही असंच. एस१४के२७५ ही निळी चकती बहुतेकांनी पाहिली असेल. १४ म्हणजे व्यास, २७५ म्हणजे किती एसी व्होल्ट ती कायम सोसेल. आत झिंक ऑक्साइडचं सिरॅमिक, म्हणजे पुन्हा भट्टीचाच खेळ. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प बसते, वीज कडाडली किंवा मोठी मोटर सुटली आणि लाइनवर झटका आला की क्षणात वाहायला लागते आणि झटका स्वतःवर घेते. या चौदा मिलिमीटरच्या चकतीला एका झटक्यात ४५०० अँपिअर लिहिलेले आहेत, अर्थात मायक्रोसेकंदांपुरते. वीस मिलिमीटरचीला ८०००. स्वस्त चकत्यांवरही आकडे असेच छापलेले असतात, पण मी तरी लिफ्टच्या कार्डात त्या टाकत नाही. किमतीतला फरक चहा-वडापावाएवढा आणि कार्ड हजारांचं.

पण एक गैरसमज काढून टाका. न्यूट्रल तुटला तर एमओव्ही वाचवत नाही. न्यूट्रल गेला की २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊन बसतात, तेही क्षणभर नाही, कोणीतरी मेन बंद करेपर्यंत. २७५ ची चकती तेवढं सोसायला बनलेलीच नाही. ती तापते, जळते, काजळी उडवते. तशी जळून कोळसा झालेली चकती दाखवून लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता. नव्हता हो. फ्यूजच्या आधी बसवला असेल तर मात्र बसवणाऱ्याचा कान धरा. जिथे न्यूट्रलचा भरवसा नाही अशा जुन्या बिल्डिंगांसाठी टीडीकेकडेच थर्मोफ्यूजवाला एमओव्ही मिळतो. चकती तापली की आतला फ्यूज तिला लाइनवरून सोडवतो. तो महाग आहे आणि किरकोळीत सहसा मिळत नाही, पण सोसायटीच्या लिफ्टला मी तोच सुचवते. कमिटी "पुढच्या मीटिंगला ठेवू" म्हणते, ते वेगळं.

एनटीसी थर्मिस्टर (सप्लाय सुरू होतानाचा करंटचा धक्का अडवणारे, तापले की रोध कमी होणारे) चांगले, तक्रार नाही. एवढंच की लाइट जाऊन लगेच आले तर तो गरमच असतो आणि सुरुवातीचा धक्का अडवू शकत नाही. हा स्वभाव सगळ्याच कंपन्यांच्या एनटीसीचा. फेराइट कोर मी क्वचितच बदलते. बदलायची वेळ आली तर मटेरियल बघा : टीडीकेच्या जुन्या घरचं पीसी४० वगैरे, एपकॉसकडून आलेलं एन८७ वगैरे. दोन घरांची दोन नावं अजून तशीच चालू आहेत, कॅटलॉगही वेगवेगळे. इतक्या वर्षांत एक करायला हवे होते.

मोठ्या कपॅसिटरचं थोडं सांगते, कारण त्यात कारखानदारांचे पैसे जास्त अडकलेले असतात. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते ते प्रमाण) सुधारायच्या पॅनेलमधले उभे ॲल्युमिनियमचे डबे, एपकॉसच्या नावाने इथल्या पट्ट्यात भरपूर बसलेले आहेत. यांच्यातली सुरक्षेची व्यवस्था मला सर्वांत जास्त पटते. आत बिघाड होऊन वायू साठला की वरचं झाकण फुगून उचललं जातं आणि त्या ओढीने आतल्या तारा तुटतात. कपॅसिटर लाइनवरून बाहेर. एका पॅनेलमध्ये झाकण असं वर आलेला डबा बघून तिथला इलेक्ट्रिशियन तो ठोकून खाली बसवायला निघाला होता. बाबा रे, तो मेलाय म्हणूनच तू जिवंत आहेस.

झाकण उचललेला डबा दिसला की तसाच दुसरा आणून लावू नका, आधी कारण शोधा. आजकाल प्रत्येक मशिनला ड्राइव्ह आहे, ड्राइव्ह म्हणजे हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट), आणि साधा कपॅसिटर हार्मोनिक्सला बोलावून घेतो. त्यासाठी सात टक्क्यांचा रिॲक्टर (तारेचं गुंडाळं) सिरीजमध्ये लावतात, म्हणजे रेझोनन्स (दोघांच्या जोडीची स्वतःची फ्रिक्वेन्सी) १८९ हर्ट्झला येतो, पाचव्या हार्मोनिकच्या, म्हणजे २५० च्या, बराच खाली. पण रिॲक्टर लावला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं : ४१५ चे ४४६ होतात. मग ४४० लिहिलेला डबा पहिल्या दिवसापासूनच ओव्हरलोड. तिथे ४८० किंवा ५२५ चाच हवा. बघा, पुन्हा नंबरच.

टीडीके-लॅम्डाचे २४ व्होल्टचे पॉवर सप्लाय हे एकच उत्पादन असं आहे की जिथे मला नंबराची कटकट वाटत नाही. लॅम्डा ही मूळची वेगळी कंपनी, २००५ मध्ये टीडीकेकडे आली. गरज असेल तेवढे अँपिअर बघा आणि घ्या. महाग आहेत, स्वस्तातल्या सप्लायच्या किमतीशी तुलना केलीत तर घाम फुटेल. पण पॅनेल बंद पडलं तर पूर्ण लाइन थांबते अशा जागी मी दुसरं काही सुचवत नाही. सीएनसीवाल्यांना हे लगेच कळतं, कारण त्यांना थांबलेल्या तासाची किंमत पाठ असते.

गुण द्यायचेच तर मालाला पाचात साडेचार, कॅटलॉगला अडीच, आणि किरकोळ मिळण्याला दोन.

कारण खरेदी हाच खरा ताप आहे. बाजारात एकदा मला मोठ्या व्हॅल्यूचे, ड्राइव्हच्या डीसी बसचे (आतल्या डीसी लाइनवरचे) कपॅसिटर अर्ध्या भावात दाखवले. स्लीव्ह झकास, छपाई झकास. वजन हातात घेतलं तर हलकं. मीटरवर व्हॅल्यू बरोबर दिसते, फसायला होतं ते तिथेच. ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, मोजला तेव्हा भांडं फुटलं. जुने काढलेले कपॅसिटर नवी स्लीव्ह चढवून विकायला ठेवले होते. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये बसवर ५८७ व्होल्ट डीसी असतात, दोन कपॅसिटर सिरीजमध्ये ते वाटून घेतात. त्यातला एक असा निघाला तर दुसऱ्यावर सगळा भार आणि मग आवाज शेजारच्या गाळ्यात ऐकू जातो. मी ते तिथेच ठेवून आले.

तेव्हापासून बसचे कपॅसिटर, एक्स-टू आणि थर्मोफ्यूजवाले एमओव्ही मी फक्त अधिकृत वितरकाकडून ऑनलाइन मागवते. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत टाकायचा, कारण शेवटची अक्षरं टॉलरन्स आणि पॅकिंग सांगतात. एक अक्षर चुकलं तर पायांच्या जागी टेपची रीळ येते. अडचण एवढीच की एकट्याने चार नग मागवले तर मालापेक्षा पाठवणी जड होते. म्हणून आम्ही रबाळे-महापेचे काही रिपेअरवाले मिळून एकच यादी करतो. पुढची यादी गणपती झाल्यावर जाईल. बी३२९३३, म्हणजे २२.५ पिचचे हवे असतील त्यांनी व्हॅल्यूसकट आधी सांगून ठेवा. "टीडीकेचा चांगला एक्स-टू" अशी चिठ्ठी आली तर मी ती यादीत घेणार नाही.